ग्रंथदिंडीला गेलेली वरातीची घोडी

मुलाखत घ्यायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “घोडेस्वारीचा छंद तुम्हाला कधीपासून?” छंद म्हणे! माझं डोकंच फिरतं. छंद म्हणजे दुसऱ्यानं खोगीर आवळून दिलेल्या घोड्यावर बसायचं, गावाला एक चक्कर मारायची आणि लगाम तिसऱ्याच्या हातात देऊन चहाला जायचं. मी घोडीची लीद उचललेली बाई आहे. रोज सकाळी तिला खरारा केला, तिची चंदी भिजवली, माश्या बसू नयेत म्हणून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला, आणि यातून वेळ उरलाच तर तिच्याच ठाणाशी, चंदीच्या पोत्यावर बसून लिहिलं. छंद कोणता असेल तर तो लिहिण्याचा होता. आमच्या घरात मात्र त्याला छंद नाही, नाद म्हणत. नाद म्हणजे पत्त्यांचा असतो ना, तसा.

घर बाभुळगावात, नालबंदाचं. बाजाराच्या दिवशी गावोगावचे बैल नाल ठोकायला आमच्या दारात यायचे. अब्बा बैलाला दोर टाकून असं काही आडवं पाडत की आपण खाली कसे आलो हे त्यालाही कळायचं नाही. नाल हा पोटाचा धंदा, पण खरी शान घोडीची. पांढरीशुभ्र, उंच, काठेवाडी रक्ताची, असं अब्बा सांगायचे. खरंखोटं तिलाच माहीत. आसपासच्या गावात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी लोक घोडी सांगायला, म्हणजे ठरवायला, यायचे. कितीतरी घरांतले आजे, बाप आणि पोरं आमच्याच दारच्या घोड्यांवर बसून मारुतीच्या दर्शनाला गेलेले आहेत. हे मी आज मोठ्या सभांमध्येही सांगते, आणि मान वर करून सांगते.

मग एका मारक्या बैलानं अब्बांच्या कमरेत लाथ घातली. बसून नाल ठोकता येई, पण वरातीपुढे लगाम धरून सगळ्या गावातून चालणं संपलं. दोन्ही भाऊ यवतमाळला गॅरेजात. त्यांना इंजिनाचा आवाज कळायचा, जनावराचा नाही. उरले मी. बारावी झालेली, वाचनालयातली कपाटं एकामागून एक संपवत आणलेली, आणि लग्नाचं वय लोकांच्या मते उलटून चाललेली. घोडीवर मी लहानपणापासून बसायचे, खोगिराशिवाय, बेंबळा नदीच्या काठानं. पण भर वरातीत बाईनं लगाम धरलेला कोणी पाहिला नव्हता.

पहिल्याच लग्नात नवरदेवाचा मामा अब्बांच्या अंगावर आला. “पोरगी धरन घोडी? तुमाले काही वाटते का नाही?”

“मामासाहेब, घोडी कोन धरते थे कायले पाह्यता?” अब्बा म्हणाले. “नवरदेव पडला तर मले येऊन सांगजा.”

नवरदेव पडला नाही. मामाच पडले, नाचता नाचता, गटाराच्या नालीत. त्यांना वर काढायला हातही मीच दिला. त्यानंतर तालुक्यात कोणी हा प्रश्न विचारला नाही. माझं नावच ‘घोडीवाली बाई’ पडलं. मला ते आवडायचं. आजही आवडतं.

लिहिणं मी घोडीवर शिकले, हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. रोज पहाटे घोडीला मोकळी करायला न्यावं लागे. गाव संपलं की दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी आणि मधे तुरीची तासं. दुडक्या चालीवर वाक्यं लहान पडायची. चौखूर सोडली की स्वल्पविराम द्यायलाही सवड नसायची. नदीवर ती पाण्याला थांबली की कुठे पूर्णविराम. घरी येईपर्यंत अर्धं पान डोक्यात तयार असायचं. तिचा घाम पुसला, पाणी दाखवलं की मी ते कागदावर उतरवायला बसायचे. तेवढ्यात अब्बांची हाक आलीच म्हणून समजा.

“काय करून राह्यली?”

“लिहून राह्यली.”

“म्हंजे काहीच नाही करून राह्यली. ये, बैलाचा पाय धर.”

अब्बा घरात हिंदी बोलत. पण जनावराचा विषय निघाला किंवा राग आला की ते वऱ्हाडीत उतरत. राग वऱ्हाडीतच नीट येतो, यात मला तरी शंका नाही.

वाईट नव्हते हो. माझ्यावर जीव होता त्यांचा. पण त्यांचा हिशेब सरळ होता. ज्यानं घाम येतो ते काम, बाकी सगळा टाइमपास. एका दिवाळी अंकात माझी कथा आली तेव्हा मी अंक त्यांच्यापुढे धरला. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटीपालटी केली आणि विचारलं, “घोडीचं चित्र नाही काढलं?” माझ्या अंगाची नुसती आग झाली. जगानं शाबासकी द्यावी अशी माझी फारशी हाव नव्हती. त्या एका माणसानं, माझं लिहिणं हेही काम आहे, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ माझा आहे, एवढं मानावं, बस. पण ही काय तोंडानं मागायची गोष्ट आहे? मागून मिळालं असतं तर मीच ते परत केलं असतं.

त्यात ती कापसाची वर्षं आली. आमच्या जिल्ह्यात ‘ती वर्षं’ म्हटलं की कोणती, असं कोणी विचारत नाही. बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली. हाताला लागला तो कापूस घ्यायला कोणी तयार नाही. खरेदी केंद्रापुढे गाड्यांची रांग आणि केंद्राला कुलूप. घराघरांत पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, माणसं ओसरीत निजायची आणि कापसातल्या किड्यांनी अंग खाजवून खाजवून बेजार व्हायची. अशात लग्नं कोण काढणार? जी निघाली ती सामूहिक, साऱ्या गावांची एका मांडवात. नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून आले. एवढ्या नवरदेवांत एका घोडीनं पाठीवर कोणाला घ्यावं?

घोडी तर रिकामी ठेवता येत नाही. ती बसून खात नाही, उभी राहून खाते आणि भरपूर खाते. अब्बांनी नियमच केला: घोडीला मिळेल ते काम घ्यायचं, आणि बाईनं घोडीसोबत जायचं. शाळेची मिरवणूक घेतली, पुढाऱ्याचा सत्कार घेतला, दुकानाचं उद्घाटन घेतलं. एकदा तर बारशाला नेली. बारशाला घोडी! पाळण्यातलं पोर ती फुरफुरली तसं जे रडायला लागलं ते आम्ही निघेपर्यंत रडतच होतं. लिहिणं पार मागे पडलं. पहाटे डोक्यात आलेलं वाक्य दिवसभर सांभाळायचं आणि कुठल्याशा जाडजूड पुढाऱ्याला खाली उतरवता उतरवता ते हरवून बसायचं, असं चाललं होतं.

तेव्हाच राळेगावहून निमंत्रण आलं. तिथे साहित्य संमेलन भरणार होतं, आणि कथाकथनात मी माझी कथा वाचावी, अशी त्यांची विनंती होती. माझ्या कथांखाली मी वाचनालयाचा पत्ता द्यायचे, म्हणून निमंत्रण तिथेच आलं. ग्रंथपालांनी मला पेढा दिला. मी घोडीवर बसून घरी निघाले. रस्ता तिनंच शोधला असणार, कारण माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं.

थोड्याच दिवसांत आमच्या दारात एक मुख्याध्यापक उभे राहिले. संमेलनाचे कार्यवाह तेच. संमेलनाच्या सुरुवातीला निघते त्या ग्रंथदिंडीसाठी त्यांना घोडी हवी होती. दरवेळी ग्रंथ पालखीत असायचे. या वर्षी गावातली पोरं पालखीला खांदा द्यायला तयार नव्हती. आधी कापसाचं बोला, मग पुस्तकांचं बोला, असं म्हणत होती म्हणे. म्हणून ग्रंथ घोडीवर ठेवून न्यायचे ठरले.

मी तिथेच लीद भरत होते. हात कोपरापर्यंत माखलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि पुढचं सगळं अब्बांशीच बोलले. दिवस तोच, मैदान तेच. ज्या बाईला आपण कथा वाचायला बोलावलं ती ही, हे त्यांना कुठून कळणार? सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो रुमाल पाहिला आणि मी तोंड मिटून घेतलं. स्वभावाला औषध नसतं, माझ्या तर नाहीच.

ते गेल्यावर मी अब्बांना म्हटलं, “त्या दिवशी मले राळेगावात काम हाय.”

“काय काम?”

“माही कथा वाचाची हाय. स्टेजवर. त्याइनंच बोलावलं मले.”

अब्बांनी तोंडात धरलेला खिळा काढला. “मंग वाच ना. नाही कोन म्हनते? पन आंधी घोडी. आलेलं काम सोडून कोनी गोष्टी सांगाले जाते काय?”

“दिंडी संपली का लगेच कथा हाय, अब्बा. घोडी कोन धरन?”

“थे तू पाह्य. माह्या कमरेनं मी काही येत नाही.”

वाचनालयात माझी एक मैत्रीण होती, तिनं वेगळाच सल्ला दिला. “अवो, त्या दिवशी लगाम दुसऱ्या कोणाच्या हाती दे. लीद-चारा करताना पाह्यलं तर तुले कोणी लेखिका म्हणन काय?” ती माझ्या भल्याचंच बोलत होती, पण मला तिचा इतका राग आला की मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. घोडी लपवून लेखिका व्हायचं असेल तर मला व्हायचंच नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, राळेगावात शिरायचं तर घोडीवर बसून; वाचताना तिला कोण धरेल, ते तिथे पाहू.

आदल्या दिवशी ऊन कललं तशी निघाले. पाठीला पिशवी, पिशवीत कथेची पानं आणि नवा सलवार-कमीज. वाटेत एसटी गेली, तिच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. कापूस वेचणाऱ्या बायांनी कमरेवर हात ठेवून मला थांबवलं.

“कोनाचं लगन हाय वो बाई?”

“पुस्तकाचं!” मी ओरडले.

“मंग आयेर काय आनाव?”

“कान घेऊन या. बाकी काही नका आनू.”

त्या खळखळून हसल्या. मीही घोडीला टाच दिली आणि तिला चौखूर सोडलं. कापसाच्या त्या मेल्या वर्षात, भर रस्त्यावरून, वाऱ्याला कापत मी निघाले होते, माझीच कथा वाचायला. असा ताठा मी नंतर पुरस्कार घेतानाही अनुभवला नाही. रात्रीपुरतं राळेगावातल्या खालाच्या, माझ्या मावशीच्या, घरी उतरले.

सकाळी नवा सलवार-कमीज घालून घोडी सजवली. आमच्याकडे साज होता तो वरातीचाच. मखमली झूल, कवड्यांची माळ, कपाळावर आरशांची पट्टी. खोगिरावर शालीत गुंडाळलेले ग्रंथ पक्के बांधले. पुढे लेझीमवाल्या मुली, मागे पाहुणे, आणि बँड. बँडही वरातीतलाच, दुसरा आणणार कुठून? मुख्याध्यापकांनी त्यांना बजावलं होतं, फक्त भजनं वाजवा. बिचाऱ्यांनी चौकापर्यंत वाजवलीही. पण किती दिवसांनी पुढे घोडी दिसत होती त्यांना! चौकात आले आणि हात सवयीवर गेले. वरातीची चाल सुरू झाली मात्र, माझी घोडी पुढचे पाय उचलून नाचायला लागली. ग्रंथ डावीकडे कलले, ग्रंथ उजवीकडे कलले. एका हातानं लगाम आणि दुसऱ्यानं मराठी साहित्य सावरत मी चालले होते. दोन्ही बाजूंची माणसं टाळ्या वाजवत होती. मुख्याध्यापक तेवढे कपाळाला हात लावून होते.

शाळेच्या मैदानावर मंडप होता. मंडपाला कमान, कमानीखाली रांगोळी. तिथे घोडी थांबली. थांबली म्हणजे खुंटाच झाली.

वरातीच्या घोडीला आम्ही एक गोष्ट जीव ओतून शिकवतो. मांडवाच्या दारात थांबायचं. बायका येतील, खुरांवर पाणी घालतील, कपाळाला कुंकू लावतील, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवतील, मग नवरदेवाला उतरवून घेतील. तोवर आभाळ कोसळलं तरी पाऊल उचलायचं नाही. तो तिचा मान. बँड तोच, झूल तीच, मांडव, कमान, रांगोळी सगळं तेच. तिच्या लेखी ही वरातच होती. पाठीवरचा नवरदेव जरा चौकोनी होता, एवढंच. संमेलनवाल्यांनी घोडी वरातीची आणली, बँड वरातीचा आणला, आणि डाळ-गूळ तेवढा विसरले.

मुख्याध्यापक धावत आले. “अहो, हलवा ना तिला! पाहुणे मागे उन्हात उभे आहेत!”

दोघातिघांनी तिला मागून रेटायला हात पुढे केले. घोडीनं कान मागे पाडले.

“मागून हात नका लावू,” मी म्हटलं. “लाथ बसली तर संमेलन दवाखान्यात भरवा लागन.”

“मग करायचं काय?”

“तिचा मान द्या. डाळ-गूळ, पाणी, कुंकू.”

“हे साहित्य संमेलन आहे, लग्न नाही!”

“थे तुमाले माहीत हाय. तिले कोन सांगन?”

लोक हसले. मुख्याध्यापकांना ते लागलं. “तुमचा मालक कुठे आहे? मालकाला बोलवा.”

झालं. माझं डोकं सटकलं. आणि माझं डोकं सटकलं की मी एकदम शुद्ध बोलते. “मालकीण मी आहे. आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कथाकथनात ज्या बाईंचं नाव आहे ना, त्याही मीच आहे.”

ते माझ्याकडे, मग लगामाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “अहो, मग आधी नाही का सांगायचं? असं करा, घोडी कुणाकडे तरी द्या आणि तुम्ही मागच्या बाजूनं या. हातपाय धुऊन घ्या. स्टेजवरच्या पाहुण्या आहात तुम्ही. हे असं बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही! माझ्या घराण्यानं या मुलखातल्या नवरदेवांना मिरवलं, आणि मी बरी दिसत नव्हते. “मी हिच्यासोबत आले,” मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. “आत जाईन तर याच दारानं जाईन. नाहीतर आम्ही दोघी परत जातो, ग्रंथांसकट.”

बँडवाले वाजवायचे थांबले. आणि मागून एक आवाज आला, “गुरुजी, जनावराचं काही चुकलं नाही. तुमच्या बायाइले बलावा.”

अब्बा! कमरेला पट्टा आवळून, पहिल्या एसटीनं आलेले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “घोडी पाह्याले आलो. उनाची हाय, पानी पाजलं का?”

मंडपामागे स्वयंपाक चालला होता. तिथल्या बायांपर्यंत गोष्ट गेली आणि त्या पदर खोचून लगबगीनं आल्या. वड्यांसाठी भिजवलेली डाळ होतीच. एकीनं ओंजळभर डाळ आणली, एकीनं गुळाचा खडा, एकीनं तांब्या. त्यांनी सगळं रीतसर केलं. खुरांवर पाणी घातलं, घोडीला कुंकू लावलं, आणि उरलेलं बोट ग्रंथांच्या गाठोड्याला टेकवलं.

“नवरदेव लई वजनी दिसते वो बाई,” त्यातली एक म्हणाली. “हुंडा तर नाही मांगत?”

हसण्याची एकच लाट उठली. मागे उन्हात उभे असलेले संमेलनाचे अध्यक्षही पोट धरून हसले. घोडीनं डाळ संपवली, गूळ चाटला आणि मान झटकली. आता नवरदेवाला उतरवा, असा त्याचा अर्थ. मी गाठोडं सोडलं आणि सरळ खांद्यावर घेतलं; कथेची पानं पाठीच्या पिशवीत होतीच. लगाम अब्बांनी धरला.

“जाय,” ते म्हणाले. “मी हाओ घोडीपाशी.”

मी कमानीतून आत गेले. कमीजला घोडीच्या घामाचा वास होता आणि चपलांना रस्त्याची धूळ. दोन्ही बाजूंची माणसं बाजूला होत गेली. मी स्टेजवर चढले, ग्रंथ चौरंगावर ठेवले, आणि उतरलेच नाही. तिथल्याच खुर्चीवर बसले. खुर्ची माझीच होती.

कथा त्या वर्षांतलीच होती. घरात कापूस पडून आहे, म्हणून बाप घोडी सांगत नाही. नवरदेव मारुतीपर्यंत पायी जातो. आणि ठाणावर बांधलेली घोडी दुरून येणारा बँड ऐकून उभ्या जागी पाय उचलत राहते. एवढीच. पण मी वाचत होते आणि मंडपात कोणी खोकतही नव्हतं. पिठाच्या हातांनी स्वयंपाकातल्या बाया कनातीशी येऊन उभ्या होत्या. ती लेखिका मी होते, आणि आमचंच जगणं मी त्यांना ऐकवत होते. मला विनयबिनय काही सुचला नाही. मला माझा अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. टाळ्या थांबल्यावर चहाचा कप मुख्याध्यापकांनी स्वतः आणून दिला, हेही सांगायला हवं. माणूस दिलाचा चांगला होता.

बाहेर आले तर अब्बा कुंपणाजवळच्या सावलीत घोडी धरून उभे. त्यांच्या डोक्यावरच भोंगा बांधलेला. मी वाट पाहत होते. आता बोलतील, मग बोलतील.

“भोंगा खराब हाय,” ते म्हणाले. “मंधात खरखर करे.”

बस. पट्टा सावरत ते एसटीला गेले आणि मी घोडीवर बसले. परतीच्या वाटेवर मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्या संमेलनात आलेल्या एका संपादकांनी मला दर आठवड्याला लिहायला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मजकूर यवतमाळच्या गाडीत द्यायचा, म्हणून मी गुरुवार लिहिण्याचा ठरवला. ठरवला आपला माझ्यापुरता. गुरुवारी घोडीला काम निघालं की मी जायचेच, आणि मिरवणुकीच्या कडेला कागद गुडघ्यावर घेऊन लिहायचे. अब्बा त्यावर काही म्हणत नव्हते, घरकामाला हाका मारून मारून अम्मी तेवढी चिडायची.

पुढच्या उन्हाळ्यात राळेगावकडचा एक शेतकरी दारात आला. त्या मोसमात लग्नासाठी घोडी सांगायला आलेला हा एकटाच. मी आत झूल झटकत होते. त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

“पोराचं लगन हाय,” तो अब्बांना म्हणाला. “या साली बी काही खरं नाही कापसाचं. पन बाईची गोष्ट आयकली व्हती मी संमेलनात. थो नवरदेव पायी गेला ना, मले लई लागलं थे. माह्या पोराले मी पायी नाही धाडत. घोडी तुमचीच पाह्यजे.”

“देतो ना! कोन्या दिवशी हाय?”

“गुरुवारी.”

वरातीत न्यायचे कागद मी मनातल्या मनात गोळा करायला लागले. सवयच झाली होती. बाहेर अब्बांच्या चुन्याच्या डबीचं झाकण वाजलं.

“गुरुवारी पोरगी नाही येत,” ते म्हणाले.

“काहून? दुसरीकडं घोडीची सांगी हाय काय?”

“सांगी नाही. गुरुवारी थे लिहिते. थे काम दुसऱ्याच्यानं होत नाही. घोडी मी आनतो.”

शेतकऱ्यानं त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं असणार. “तुमच्यानं चालनं होईन काय, चाचा?”

“माहं मी पाहीन,” अब्बा म्हणाले. “तू मांडवात डाळ-गूळ ठेव.”

मी ठाणावरच उभी राहिले. बाहेर गेले असते तर रडले असते, आणि अब्बांसमोर रडायची मला सवय नव्हती.

गुरुवारी सकाळी त्यांनी पट्टा आणखी एक घर आवळला, घोडी सोडली आणि दारात थांबून अम्मीला म्हणाले, “आज इसको आवाज मत देना. कोई भी आया तो बोलना, काम कर रही है.”

मग लगाम धरून ते निघाले, जरा वाकून, पण घोडीच्या पुढे.